मोठमायचं अष्टशील

आमच्या घरात पत्रकं कुठेही सापडायची. पिठाच्या डब्याखाली, फडताळात, गादीखाली. बाबा नागपूरला जाताना पिशवीत संत्री नेत आणि येताना त्याच पिशवीत पत्रकं आणत, म्हणून आमच्या पत्रकांना संत्र्याच्या सालीचा वास असे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. जगात जे जे चुकीचं आहे त्याच्याविरुद्ध कुठे ना कुठे एक पत्रक निघालेलंच असतं, असा माझा पक्का समज होता. दारूविरुद्ध होतं, हुंड्याविरुद्ध होतं, अंगात येण्याविरुद्ध तर ढीगभर होती. मोठमायला जे झालं होतं त्यावर मात्र एकही नव्हतं.

मोठमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. पांढुर्ण्याला रेल्वे लाइनीच्या अंगाला आमची वस्ती, आणि त्यात आमची दोन घरं समोरासमोर. मोठे बाबा रेल्वेत गँगमन. मोठमाय हंगामात संत्रा निवडायला जायची, एरवी निंदण आणि कापूस वेचणी. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, हसली की अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारी. तिला शुगर आहे हे रेल्वेच्या दवाखान्यात कळलं त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. नळावर बायका तिला 'साखरबाई' म्हणून चिडवत. तिचं उत्तर ठरलेलं असे.

"हाव न वो, गोड आहो म्हनूनच तं झाली. तुमी राहा कडू."

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे व्रताचे तीन महिने, सुरू झाला आणि मोठमायनं विहारात अष्टशील घेतलं. पंचशील आम्ही सगळेच घेतो. अष्टशील त्याहून कडक. उपासिका ते पौर्णिमेला, अष्टमीला, एका दिवसापुरतं घेतात. पांढरं लुगडं नेसायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही, मऊ गादीवर झोपायचं नाही. आणि तिसरं शील त्यात बदलतं. पंचशीलात ते व्यभिचार न करण्याचं असतं, अष्टशीलात नवऱ्याजवळही जायचं नसतं. मोठमायनं हे एका दिवसासाठी घेतलं नाही, वर्षावास संपेपर्यंत घेतलं.

वस्तीची छाती फुगली. मोठे बाबा ओसरीत खाट टाकून निजू लागले. त्यांनी उन्हाळ्यापासून कुठूनसा वासाचा साबण आणायला सुरुवात केली होती. कामावरून आले की दोन दोनदा अंग घासत. आम्ही हसायचो, म्हातारपणी हे काय! आता तो साबण एकट्याच्या खाटेखाली पडून राहू लागला.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ठरवलं की आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीला, नागपूरकडचे भंते येतील तेव्हा मोठमायनं त्यांच्याकडून जन्मभराचं अष्टशील घ्यावं. "अशी एक बाई असली न, तं साऱ्या वस्तीचं नाव निंघते," त्या म्हणाल्या. मोठमायनं मान डोलावली. सावरगाव आणि सौंसरच्या वस्त्यांत वाटायला त्याचं पत्रक काढायचं ठरलं. लिहिणार मी.

मोठ्या बाबांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते काय बोलणार होते? जन्मभर सभांच्या सतरंज्या उचललेला माणूस, धम्माला नाही कसं म्हणेल? एकदा मी कागद घेऊन ओट्यावर बसले होते, तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले.

"लिही बाप्पा, चांगलं लिही. फक्त माह्यं नाव टाकू नको त्याच्यात."

माझं लिहिणं पुढे सरकेना. ज्या बाईवर लिहायचं होतं ती रोज डोळ्यांसमोर होती आणि तिच्यात मला उपासिकेची शांती काही दिसत नव्हती. तिचं हसणं थांबलं होतं. बसल्या जागी ती सारखी कूस बदलायची. तिचे परकर दिवसातून कितीदा दोरीवर चढत. विचारलं तर म्हणायची, "घाम येते वो."

भाद्रपद पौर्णिमेला विहारात संध्याकाळची वंदना झाली. सगळे उठले, मोठमाय उठली नाही. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. कपाळावर आणि ओठांवर घामाचे थेंब. मांडीवरची बोटं थरथरत होती.

"ध्यान लागलं," कुणीतरी हळूच म्हणालं.

अध्यक्षबाईंनी ओठांवर बोट ठेवून पोरांना गप्प केलं. दुसऱ्या वस्तीत म्हणाले असते, देवी आली. आम्ही देव्या सोडलेल्या, म्हणून आमच्याकडे ध्यान लागलं. बायका हात जोडून तिच्याभोवती बसल्या. काही तर तिच्यासारखे डोळे स्थिर करून पाहू लागल्या.

मोठे बाबा दाराशी होते. त्यांनी आत डोकावलं आणि कधी नव्हे ते बायकांच्या गर्दीतून वाट काढत धावले. खिरीसाठी आणलेली साखर कोपऱ्यात पातेल्यात होती. त्यांनी मूठभर साखर उचलली आणि चिमटी चिमटीनं मोठमायच्या गालफडात सारू लागले.

"अवो भाऊजी, शील मोडते तिचं!" अध्यक्षबाई ओरडल्या.

"शुगरवाल्या बाईले साखर? मारता काय तिले?" दुसरी म्हणाली.

"मरून राहिली ती! कंपाउंडरनं सांगतलं होतं मले, गोळी घेतली अन् जेवली नाही तं असंच होते. साखर देजा म्हने. सरका तिकडं!"

थोड्या वेळानं मोठमायच्या नजरेत माणूस परत आलं. तिनं जिभेवर साखर चाखली, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "काहून मोडलं माहं शील?"

"जित्ती राहशीन तं पुन्हा घेजो," मोठे बाबा म्हणाले आणि हात झटकून बाहेर गेले.

मी तिला धरून घरी आणलं. मागच्या अंगणात, दगडावर, आम्ही दोघीच बसलो. मी रागात होते.

"गोळी घेऊन उपाशी कायले राहते तू? धम्मानं सांगतलं काय जीव दे म्हनून?"

"उपासासाठी नाही घेतलं वो मी अष्टशील."

"मंग?"

ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "तिसऱ्या शीलासाठी घेतलं," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं बोलली. वर्षभरापासून तिला खाली खाज सुटत होती, आग होत होती. अंगावरून पांढरं जायचं, फाटक्या दह्यासारखं. मोठे बाबा जवळ आले की चिरल्यासारखं दुखायचं. एका शेजारणीनं तुरटीच्या पाण्यानं धुवायला सांगितलं, तर चिरा आणखीच वाढल्या.

"अन् मनच होत नाही, पोरी. पहिले असं नव्हतं. पहिले मलेही वाटे. आता दगड होऊन पडतो मी. त्याहिले वाटलं, मी विटली. एक डाव म्हनाले, माह्यात काही खोट आहे काय? काय सांगू मी? नाही म्हनाले काही कारन लागते न. दुखन्याची लाज वाटे मले. शीलाची कोनाले लाज वाटत नाही."

"दवाखान्यात सांगाचं होतं."

"कोनाले? डॉक्टर मानूस, कंपाउंडर मानूस, अन् मांगं रांगेत सारे याहिच्याच गँगचे. मी म्हनो, गोळी लागून नाही राहिली. तो म्हने, भात कमी खा."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. नुकतीच गोटमार होऊन गेली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून आमचं पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतं. मग पुढचे कितीतरी दिवस पट्ट्या बांधलेली डोकी बाजारातून मिरवतात. चहाच्या टपरीवर एकेक जण जखम उघडून दाखवतो आणि ऐकणारे कौतुकानं वाकून पाहतात. पुरुषाचं डोकं फुटलं तर त्याची मिरवणूक निघते. बाईच्या मांड्यांमध्ये आग पेटली तर तिला पांढरं लुगडं नेसून ती झाकावी लागते, आणि वर आम्ही तिचं पत्रक काढायला निघतो! मी तिथल्या तिथे म्हणाले, "मोठमाय, ह्याच्यावर पत्रक काढू आपुन. आत्ता."

"पत्रक लावू काय तिथं?" ती म्हणाली. "आधी इलाज पाह्य."

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात एक बाईडॉक्टर आली आहे हे मला ठाऊक होतं. कापड घ्यायचं निमित्त करून आम्ही बसमध्ये बसलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी संत्र्याचे बगीचे. फळं अजून हिरवीच होती, पण मोठमाय खिडकीतून झाडं पारखत होती. "हा बगीचा चांगला निंघते यंदा. ह्याच्यात काही दम नाही." मला कळलं, ती घाबरली आहे. घाबरली की ती संत्र्यांबद्दल बोलते.

डॉक्टरबाई वयानं माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. चष्म्याआड थकलेले डोळे.

"काय होतंय?"

"गोळी लागून नाही राहिली," मोठमाय म्हणाली. मी तिला कोपर मारलं.

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचा कागद पाहिला आणि ताप-खोकला विचारावा तसं विचारलं, "खाली खाज येते? पांढरं जातं? नवऱ्याजवळ जाताना दुखतं?"

मोठमायनं आधी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुमाले कोनं सांगतलं?"

"शुगरनं," त्या म्हणाल्या. "शुगर असलेल्या पुष्कळ बायकांना होतं हे. आपणहून कुणी सांगत नाही, म्हणून मीच विचारते. ही मुलगी बाहेर थांबू दे का?"

"राहू द्या. लगन होईन तवा कामी पडीन तिच्या."

पडद्यामागे तपासणी झाली. मग लघवीची. काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात थेंब टाकून डॉक्टरबाईंनी नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि शेवटी पिकल्या संत्र्याच्या रंगावर येऊन थांबलं.

"अवो माय," मोठमाय म्हणाली, "मंडीत नेलं तं भाव येईन!"

डॉक्टरबाई हसल्या. त्यांच्यामागोमाग मोठमायही हसली. आषाढापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शुगर वाढली की त्या नाजूक जागी बुरशी धरते, तीच ही खाज आणि तेच हे पांढरं. कातडी कोरडी पडते, म्हणून चिरते. तुरटी बंद, तिथे साबणही बंद. रात्री आत ठेवायच्या गोळ्या, बाहेरून लावायला जांभळं औषध, सैल सुती कपडे. बरं होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचं आणि त्यालाही एकदा दाखवायला आणायचं, कारण खाज त्यालाही लागू शकते. पुढे कोरडेपणा राहिला तर स्वच्छ खोबरेल तेल चालेल. रोजच्या गोळीचा डोस वाढवायचा आणि पुन्हा तपासायला यायचं. पण सगळ्यात आधी, गोळी घेऊन संध्याकाळी उपाशी राहायचं नाही.

"साखर द्यायला कुणी जवळ नसतं तर जीव गेला असता तुमचा."

मोठमायनं खाली पाहत विचारलं, "अन् मन होत नाही त्याचं काय? त्याचीही गोळी असते?"

"त्याची गोळी नाही माझ्याकडे. पण तेही ह्यातूनच आलेलं असतं, बाई. शुगरनं अंग थकतं, कधी तिथली जाणीव कमी होते. आणि दर वेळी दुखलं की मन आधीच मागे सरतं. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. दुखणं गेलं, भीती गेली, की हळूहळू फरक पडतो. अगदी पहिल्यासारखं होईलच असं मी सांगत नाही. आजच्यापेक्षा नक्की बरं होईल. पण नवऱ्याशी बोला. मुक्यानं हे बरं होत नाही."

परतताना मोठमाय बगीच्यांबद्दल काही बोलली नाही. मांडीवर औषधाची पिशवी घट्ट धरून बसली होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "इलाज होता बाप्पा ह्याचा." मग पुन्हा, जरा रागानं, "वर्षभर इलाज होता ह्याचा!"

नवऱ्याला तूच सांग म्हणून तिनं माझी मनधरणी केली. मी पुतणी, मी काय सांगणार? शेवटी ते काम जांभळ्या औषधानं केलं. पांढऱ्या लुगड्याला त्याचे डाग पडले, आणि ते डाग काही केल्या निघेनात. लुगडं दोरीवर चढलं तशी नळावरून हाक आली, "काय वो साखरबाई, रंग खेलली काय?"

"हाव, आमच्या घरी होळी लवकर आली!"

त्या संध्याकाळी मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. गल्ली अरुंद, समोरचं दार उघडं. मोठे बाबा लुगड्याचा डाग हातात धरून उभे होते.

"हे कायचं होय?"

मोठमायनं चुलीपुढून न उठता सांगितलं. खाज, पांढरं, चिरा, तुरटी, सौंसर, सगळं. एकदा सुरू झाली ती थांबली नाही. मी आत जायला हवं होतं, पण सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

"मंग सांगतलं काहून नाही?" मोठे बाबा म्हणाले.

"तुमी इचारलं काहून नाही?"

"मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"डांबराचा वास येते माह्या अंगाले. लाइनीवरच्या स्लीपरचा. मले वाटलं, तुले तो सहन होत नाही."

मोठमाय अशी हसली की गल्लीच्या टोकाला कुत्रं भुंकलं. "म्हनून तो साबन? अवो, त्या साबनानं तं डोकं दुखे माह्यं!"

पुढच्या खेपेला मोठे बाबा बरोबर गेले. छत्री काखेत मारून दवाखान्याच्या बाकावर बसले, आत जाऊन आले आणि मलमाची ट्यूब खिशात लपवत बाहेर पडले. "त्या बाईनं मलेच दम देल्ला," घरी आल्यावर त्यांनी तक्रार केली, पण आवाजात तक्रार नव्हती. खाट मात्र अजून ओसरीतच होती. आणि आश्विन पौर्णिमा जवळ येत होती.

अध्यक्षबाई माझ्यामागे लागल्या होत्या. पत्रक कुठे आहे? मी मोठमायला विचारायचे, "काय लिहू?" ती म्हणायची, "थांब." सौंसरहून आल्यापासून ती दोन्ही वेळा जेवत होती, पण ही मधलीच ढील आहे, भंतेंसमोर ती जन्मभरासाठी पक्कं करील, असं सगळे धरून चालले होते. नाही म्हणायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. तिला दुखण्याइतकीच त्या कारणाची भीती होती.

पौर्णिमेला विहार भरून गेला. सावरगावची माणसं आली होती, सौंसरचीही. अष्टशील घेणाऱ्या उपासिकांसाठी पुढे पांढरी चादर अंथरली होती आणि मधोमध मोठमायची जागा राखलेली. ती आली ती जांभळ्या डागांचं पांढरं लुगडं नेसून, आणि मागे आमच्या सतरंजीवर, माझ्या शेजारी बसली.

"इकडं ये न वो, समोर," अध्यक्षबाईंनी हाक मारली.

मोठमाय उठून उभी राहिली. "मी पाच घेतो, भंतेजी. आठ नाही घेत."

"काहून? साऱ्यायले सांगून ठेवलं आमी!"

"मले शुगर आहे. गोळी घेतो. रातची भाकर खा लागते." ती थांबली. तेवढ्यावर बसली असती तरी चाललं असतं. समोर पुरुष बसले होते, मोठे बाबा दाराशी उभे होते. तिनं माझा खांदा धरला. "अन् दुसरी गोठ आहे. मले बायकायचं दुखनं झालं होतं, शुगरीपायी. ते सांगाची लाज वाटे म्हनून मी आठ शीलं घेऊन त्याच्या मांगं लपली. त्याचा इलाज होते. ज्या बाईले इचाराचं असन तिनं मले इचारा."

कुणी खोकलं. कुणी मान खाली घातली. भंतेंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "आजाऱ्यानं आधी औषध घ्यावं," ते म्हणाले. "पाच शीलं नीट सांभाळा, बाई. ती कमी नाहीत." आणि त्यांनी शील द्यायला सुरुवात केली.

कार्यक्रम संपल्यावर चपलांच्या ढिगाजवळ मोठमायला निघता येईना. सावरगावची एक बाई तिच्या कानाशी लागली, तिला मोठमायनं सौंसरच्या डॉक्टरबाईंचं सांगितलं. मग सौंसरची एक तरुण, कडेवर लेकरू घेतलेली, म्हणाली, आमच्या गावात अशी डॉक्टर आहे अन् मलेच माहीत नाही. सगळ्यांच्या शेवटी अध्यक्षबाई आल्या, पदर तोंडाशी धरून.

"ती डॉक्टरीन कोनत्या दिवशी असते वो?"

"कोनासाठी पाह्यजे?"

"माह्या बहिनीसाठी."

"तुले बहीन कवा झाली?" मोठमाय म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेऊन गेली.

अंधारून आलं होतं तेव्हा आम्ही दोघी आमच्या ओट्यावर टेकलो. मी कागद काढला. मला आता थांबायचं नव्हतं. पहिल्या ओळीत मी एक मोठा संस्कृत शब्द लिहिला, तो वाचून दाखवला. तिनं नाक मुरडलं.

"खाज लिही. पांढरं जाते लिही. बाईले समजलं पाह्यजे. अन् असं लिही का, याचा इलाज होते, नवऱ्याले घेऊन जा."

मी ती ओळ खोडली. समोर ओसरीत नजर गेली तर ती मोकळी दिसली. खाट तिथे नव्हती. जमिनीवर तिच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

"अवं, भाकर थंडी होऊन राहिली!" मोठ्या बाबांची आतून हाक आली. "ये न जेवाले!"

"आली, आली," मोठमाय म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.